सात दिवसांच्या नोंदीतून चंद्राची लाट आणि सूर्याची लाट वेगळी करता येते का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे वरवर पाहता अगदी वेगळ्या विषयांची होती. एक खाडीच्या पाण्याविषयी, दुसरे गणिताविषयी आणि तिसरे तंबोऱ्याविषयी. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न आहे. अनेक साइन तरंग एकमेकांत मिसळून तयार झालेला संकेत हाती आला, तर त्यातील प्रत्येक तरंगाची वारंवारता (तो किती वेगाने हेलकावतो), आयाम (किती उंच चढतो) आणि कला (फेऱ्यात कोठून सुरुवात करतो) ही तीन प्राचले, म्हणजे तरंग ठरवणारे तीन आकडे, कशी शोधायची, हा तो प्रश्न. म्हणून तिन्ही पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : मी रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. धक्क्याच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी बांधून मी आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून सलग सात दिवस, दर अर्ध्या तासाने, पाण्याची उंची लिहून घेतली. भरतीत चंद्रामुळे सुमारे १२ तास २५ मिनिटांची आणि सूर्यामुळे १२ तासांची अशा दोन लाटा मिसळलेल्या असतात, असे वाचले होते. संगणकावर फूरिये रूपांतर (संकेतातील वारंवारता वेगवेगळ्या करून दाखवणारे गणित) केले तेव्हा दोन शिखरांऐवजी एकच पसरट उंचवटा दिसला. नोंदी दर पाच मिनिटांनी घेतल्या असत्या, तर दोन्ही लाटा सुट्या दिसल्या असत्या का?

उत्तर : नाही. दर पाच मिनिटांनी नोंदी घेतल्या असत्या, तर ३३६ ऐवजी २,०१६ आकडे जमले असते, तिघांचीही झोप उडाली असती आणि उंचवटा जवळजवळ तसाच राहिला असता. आपल्याला नोंदी दाट नव्हे, लांब हव्या होत्या.

याचे कारण आपल्याच आकड्यांवर पाहू. भरतीच्या शास्त्रात चंद्राच्या मुख्य लाटेला एम-२ आणि सूर्याच्या मुख्य लाटेला एस-२ म्हणतात. एका दिवसात एस-२ चे बरोबर २ फेरे होतात, तर एम-२ चे १.९३२३. सात दिवसांत हे फेरे अनुक्रमे १४ आणि १३.५३ होतात. सात दिवसांच्या नोंदीचे फूरिये रूपांतर केले, की तिची वाटणी पूर्ण फेऱ्यांच्या कप्प्यांत होते : १३ फेऱ्यांचा एक कप्पा, १४ चा दुसरा, १५ चा तिसरा. आपली एस-२ चौदाव्या कप्प्यात नेमकी बसली, परंतु एम-२ तेराव्या आणि चौदाव्या कप्प्यांच्या जवळजवळ मधोमध आल्यामुळे दोन्हींत सांडली, आणि थोडी थोडी आजूबाजूच्या कप्प्यांतही पसरली. नोंदी दाट केल्याने नवे कप्पे मिळतात खरे, पण ते पलीकडच्या टोकाला, म्हणजे मिनिटा-मिनिटांत हेलकावणाऱ्या जलद लाटांसाठी मिळतात. तेरा आणि चौदा यांच्या मध्ये नवा कप्पा हवा असेल, तर धक्क्यावर अधिक दिवस बसण्यावाचून उपाय नाही.

किती दिवस? दोन्ही लाटांच्या वेगांतील फरक दिवसाला ०.०६७७ फेरा आहे, म्हणून एक लाट दुसरीपेक्षा पूर्ण एका फेऱ्याने पुढे जायला १४.७७ दिवस लागतात. हा आकडा आपल्या गावातील कोणत्याही कोळ्याला वेगळ्या नावाने ठाऊक असेल, कारण एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचा काळ तो हाच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही लाटा हातात हात घालून चढतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि भांगाची भरती येते. आपली नोंद समजा उधाणाला सुरू झाली असेल, तर ती भांगापाशी संपली. पाण्याचा चढउतार आठवडाभर कमी कमी होत गेला, एवढेच संगणकाला दिसले. एकच लाट हळूहळू मरत चालली आहे, की दोन लाटा एकमेकींपासून दूर सरकत आहेत, हे त्याने कशावरून ठरवावे? दोन जवळच्या वारंवारता सुट्या दिसण्यासाठी नोंद किमान त्यांच्या फरकाच्या एका फेऱ्याइतकी लांब असावी, या ढोबळ नियमाला लॉर्ड रॅले यांचे नाव दिले जाते.

तरीही आपली सात दिवसांची मेहनत वाया गेलेली नाही. आपण संगणकाला विचारलेला प्रश्नच गरजेपेक्षा अवघड होता. फूरिये रूपांतराला आपण ‘यात कोणकोणत्या वारंवारता आहेत’ असे विचारले. वास्तविक त्या आपल्याला आधीच माहीत आहेत, कारण चंद्र-सूर्यांच्या गती खगोलशास्त्राने अनेक दशांश स्थळांपर्यंत मोजून ठेवल्या आहेत. एम-२ तासाला २८.९८४ अंश फिरते आणि एस-२ बरोबर ३० अंश. वारंवारता माहीत असली, की उरलेली दोन प्राचले शोधणे हा साध्या समीकरणांचा खेळ होतो. आयाम आणि कला थेट शोधण्याऐवजी प्रत्येक लाट अशी लिहावी :

क × कॉस(वेग × वेळ) + ख × साइन(वेग × वेळ)

आता अज्ञात फक्त क आणि ख, आणि ते पहिल्या घातात आहेत. दोन लाटांचे चार अज्ञात आणि सरासरी पातळीचा एक, असे एकूण पाच, समीकरणे ३३६. न्यूनतम वर्ग पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी राहील असे अज्ञात निवडून, हे कोणतीही स्प्रेडशीट सोडवते. समजा एम-२ साठी क = ०.९ मीटर आणि ख = ०.८ मीटर आले, तर आयाम म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, १.२० मीटर, आणि कला सुमारे ४१.६ अंश. कला काढताना क आणि ख यांची चिन्हे पाहून कोन कोणत्या चरणात आहे हे ठरवावे लागते, आणि विद्यार्थी हमखास चुकतात ते येथेच. घड्याळाकडेही लक्ष असावे : नोंदीची वेळ सरसकट दहा मिनिटांनी चुकली, तर एम-२ ची कला ४.८ अंशांनी सरकते आणि गणितात त्याचा कोठेही मागमूस लागत नाही.

सात दिवसांच्या तोकडेपणाची किंमत मात्र येथेही मोजावी लागते. ती किती, हे काढता येते. नोंदीतील चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असे धरले, तर सात दिवसांत एम-२ आणि एस-२ यांच्या आयामांतील अनिश्चितता, जवळ दुसरी लाटच नसती तर जेवढी राहिली असती, तिच्या साधारण १.३५ पट होते. ही किंमत परवडण्यासारखी आहे. हीच नोंद दोन दिवसांची असती तर १.३५ ऐवजी ही पट चार झाली असती, कारण दोन दिवसांत दोन्ही लाटांमधील कोन फक्त ४९ अंशांनी बदलतो आणि समीकरणे जवळजवळ एकमेकांची नक्कल होऊन बसतात. जवळपास समांतर असलेल्या दोन रेषांचा छेदनबिंदू पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकीनेही वीतभर सरकतो, तसेच हे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपल्या खाडीत दोनच लाटा नाहीत. चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो आणि लांब जातो, त्यामुळे एन-२ नावाची, १२.६६ तासांची आणखी एक लाट असते. एम-२ पासून ती सुटी व्हायला २७.५५ दिवस लागतात. शिवाय दिवसातून सुमारे एकदा येणाऱ्या के-१ आणि ओ-१ या लाटा आहेत, ज्यांच्यामुळे एकाच दिवसाच्या दोन भरत्या कमी-जास्त उंचीच्या येतात. मुंबईत एम-२ चा आयाम सुमारे १.२ मीटर, एस-२ चा अर्ध्या मीटरच्या किंचित आत, के-१ चा सुमारे ०.४ आणि ओ-१ चा सुमारे ०.२ मीटर आहे. के-१ आणि ओ-१ समीकरणांत घालाव्यातच. त्या एकमेकींपासून सुट्या व्हायला १३.६६ दिवस लागतात, तेव्हा त्यांचे आकडे सैलसर येतील, पण त्या वगळण्यापेक्षा ते बरे. एन-२ सात दिवसांत वेगळी निघणार नाही. म्हणून आपण जिला एम-२ म्हणाल, ती प्रत्यक्षात ‘एम-२ आणि तिला चिकटलेली एन-२’ असेल. चंद्र जवळ असलेल्या आठवड्यात ती मोठी येईल, लांब असलेल्या आठवड्यात लहान. न्यूनतम वर्ग पद्धत याबद्दल एक अवाक्षरही काढत नाही. प्रतिमानात न घातलेल्या लाटेचे पाणी ती गुपचूप शेजारणीच्या घागरीत ओतते. आपला आकडा मुंबईच्या आकड्याशी जुळला नाही, तर पट्टीला दोष देण्याआधी त्या आठवड्यात चंद्र कोठे होता ते पाहावे.

शक्य झाले तर नोंद २९ दिवसांपर्यंत न्यावी, आणि त्या बदल्यात दर तासाला एकच नोंद घ्यावी. पट्टी उघड्या पाण्यात न ठेवता, तळाशी बारीक छिद्र पाडलेल्या उभ्या पीव्हीसी पाइपमध्ये तरंगणारा बुचाचा तुकडा ठेवून त्याची उंची वाचावी. होड्यांमुळे उठणाऱ्या लाटा छिद्रातून आत शिरेपर्यंत विरून जातात. खाडी उथळ असेल तर पाणी चढताना घाईने चढते आणि उतरताना रेंगाळते, असेही आपल्या लक्षात आले असेल. तो आकार एका साइन तरंगाने साधत नाही. त्यासाठी एम-२ च्या दुप्पट वेगाची, ६.२१ तासांची एम-४ ही लाट समीकरणांत घालावी लागते.

मुंबईला अपोलो बंदरावरील समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या उपलब्ध आहेत. लॉर्ड केल्व्हिन यांच्या कल्पनेवरून भारतातील बंदरांसाठी १८७९ साली लंडनमध्ये भरतीचे भाकीत करणारे यंत्र बनवले गेले. त्यात प्रत्येक लाटेसाठी एक फिरते चाक आणि कप्पी होती, सर्व कप्प्यांवरून एकच तार जात होती आणि तिच्या टोकाची लेखणी सगळ्या लाटांची बेरीज कागदावर काढत होती. यंत्र बेरीज करत असे. चाकांचे आयाम आणि कला मात्र महिनोन्‌महिने तासातासाच्या नोंदींवरून माणसांनी हाताने काढलेल्या असत.

जाता जाता, कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आपल्याला ठाऊक असेलच : तिथीची पाऊणपट केली, की तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे एकाच लाटेचे, वारंवारता ठरलेली मानून केलेले भाकीत आहे. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. पाऊणपटीचा हिशोब ४५ धरतो. पंधराव्या तिथीला त्यामुळे सव्वाअकरा येतात, बारा नव्हे. पाऊणऐवजी चार-पंचमांशाने गुणले तर ही तूट भरून निघते, पण ते तोंडी गुणायला गैरसोयीचे आहे.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भरतीसारख्या ठिकाणी वारंवारता आधीच माहीत असतात, पण त्या माहीत नसतील तर फूरियेच्या कप्प्यांत न अडकता त्या शोधण्याची काही रीत आहे का? आणि तरंग किती आहेत, हे कसे ठरवायचे?

उत्तर : आहे, आणि तिचे बीज आपल्याकडच्या एका फार जुन्या कोष्टकात सापडते. साइन तरंगाचे समान अंतरावरचे कोणतेही तीन आकडे घ्या. पहिल्याची आणि तिसऱ्याची बेरीज भागिले मधला आकडा, हे उत्तर नेहमी सारखेच येते, आणि ते असते दोन आकड्यांमधील कोनाच्या कोज्येच्या (कॉसच्या) दुप्पट. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात ‘ज्या’ म्हणजे साइन यांचे जे कोष्टक दिले, तेही ‘ज्यांच्या फरकांचा फरक हा त्या ज्येच्याच प्रमाणात असतो’ या नियमावर उभे आहे. नियम एकच, आर्यभटाने कोनावरून आकडे काढले, आपल्याला आकड्यांवरून कोन काढायचा आहे.

करून पाहू. त्या कोष्टकातील पहिल्या तीन ज्या २२५, ४४९ आणि ६७१ आहेत. २२५ आणि ६७१ यांची बेरीज ८९६, भागिले ४४९, उत्तर १.९९५५. यावरून कोन निघतो सुमारे ३.८२ अंश, खरा कोन ३.७५ अंश आहे. चूक कोठून आली? आकडे पूर्णांकांत दिलेले आहेत, दशांश गाळलेले आहेत. आता त्याच कोष्टकातील ३०, ६० आणि ९० अंशांच्या ज्या घ्या : १७१९, २९७८, ३४३८. बेरीज ५१५७, भागिले २९७८, उत्तर १.७३१७, कोन ३०.०२ अंश. आकडे तितकेच, दशांश तसेच गाळलेले, तरी चूक दोन टक्क्यांवरून एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाखाली आली, कारण आपण तरंगाचा मोठा तुकडा पाहिला. मागील पत्रातील ‘दाट नव्हे, लांब’ हे सूत्र येथेही तसेच लागू आहे.

तरंग दोन असतील तर तीनऐवजी लागोपाठचे पाच आकडे एका समीकरणात बांधले जातात आणि त्यात दोन अज्ञात असतात. तरंग वाढतील तसे समीकरण लांबते. या समीकरणाची बहुपदी सोडवली, की तिच्या मुळांतून सर्व वारंवारता एकदम बाहेर पडतात. ही रीत फ्रेंच अभियंता प्रोनी याने १७९५ मध्ये मांडली; त्याच्यापुढे समुद्र नव्हता, तर वायू आणि वाफा यांच्या प्रसरणाचे आकडे होते. दोष एवढाच, की आकड्यांत थोडा जरी गोंगाट, म्हणजे मोजमापातील बारीकसारीक चुका, असला तरी ही रीत लडखडते, कारण मधल्या आकड्यातील चूक छेदात बसते.

या दोषावरचा एक चांगला उपाय ‘एस्प्रिट’ या नावाने ओळखला जातो. एकच नोंद दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा एक घर सरकवून. या सरकवण्याने प्रत्येक साइन तरंग फक्त आपापल्या कोनातून फिरतो, आकार बदलत नाही. त्या फिरण्याचे कोन आकड्यांच्या मोठ्या सारणीच्या (मॅट्रिक्सच्या) आयगेन मूल्यांतून, म्हणजे तिच्या अंगभूत गुणकांतून, काढले, की गोंगाटाचा बराचसा भाग आधीच बाजूला पडलेला असतो. ही रीत १९८० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये आरोग्यस्वामी पॉलराज, रिचर्ड रॉय आणि थॉमस कैलाथ यांनी विकसित केली. पॉलराज भारतीय नौदलात पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारवर काम करून तेथे गेले होते. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा आणि १९५६ ची अभियांत्रिकीची पदवीही पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची.

रीत कोणतीही वापरली तरी अचूकतेची एक भिंत ओलांडता येत नाही. ती भिंत संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ साली कोलकात्यात असताना दाखवली, आणि हाराल्ड क्रामेर यांच्यासह त्यांच्या नावाने ती ओळखली जाते. एका तरंगासाठी ती सांगते, की नोंदींची दाटी सहापट केली तर वारंवारतेतील चूक फार तर अडीच पटींनी कमी होईल. त्याच दाटीने सहापट काळ नोंद घेतली, तर सुमारे पंधरा पटींनी. आयामाला हा लाभ मिळत नाही, तो दोन्ही परींनी अडीच पटच सुधारतो.

तरंग किती, याचे उत्तर थोडक्यात देतो. आपण पत्रासोबत पाठवलेल्या तापमानाच्या ४८ आकड्यांना वीस तरंग बसवले आहेत. वीस तरंगांची साठ प्राचले होतात, तेव्हा वक्र प्रत्येक बिंदूतून गेला यात नवल नाही. शेवटचे बारा आकडे झाकून ठेवावेत, उरलेल्यांवरून एक-एक तरंग वाढवत जावे आणि झाकलेल्या आकड्यांचे भाकीत ज्या तरंगानंतर बिघडू लागेल, त्याच्या आधी थांबावे. अकाइके यांचा निकष १९७४ पासून हेच काम सूत्राने करतो, पण आपल्या पहिल्या प्रयोगाला झाकापाकीच बरी. आपले आकडे फक्त दोन दिवसांचे असल्यामुळे दोनाहून जास्त तरंग टिकतील असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी मिरजेची आहे आणि गायन शिकते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन्ही तारा मोबाइलवरील ट्यूनरने तपासल्या, दोन्हींना काटा मध्यावर आला. तरीही दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाज सावकाश डोलतो, साधारण चार सेकंदांत एकदा. कान चुकतो आहे की ट्यूनर?

उत्तर : कान बरोबर आहे. चार सेकंदांत एक डोल, म्हणजे दोन तारांच्या वारंवारतांत पाव हर्ट्‌झचा फरक. जोडीचा षड्ज १३८ हर्ट्‌झच्या आसपास असेल, तर हा फरक एका श्रुतीच्या तुलनेत फारच लहान, म्हणजे अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे तीन भाग भरतो. ट्यूनर आवाजाचा एक छोटा तुकडा उचलतो, उत्तर देतो आणि पुढच्या तुकड्याकडे वळतो. त्याचा काटा इतक्याशा फरकाने हललेला कळतही नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. तार एकटीच वाजत असेल, तर तिची वारंवारता छोट्या तुकड्यातूनही बरीच नेमकी काढता येते. दोन तारा एकत्र वाजत असतील आणि त्या दोन आहेत हे ओळखायचे असेल, तर मात्र फरकाचा एक फेरा, म्हणजे चार सेकंद, ऐकावेच लागते. ट्यूनर एक दशांश सेकंदाचा तुकडा पाहत असेल तर त्याला दोन तारांचा मिळून एकच स्वर दिसतो. आपला कान चार सेकंद थांबला म्हणून त्याला डोल ऐकू आला. खाडीकाठच्या शिक्षकांना उधाण आणि भांग पाहायला जे पंधरा दिवस लागतात, तेच आपल्याकडे चार सेकंदांत घडते आहे.

तंबोऱ्यात आणखी एक अडचण अशी, की जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या वक्र पृष्ठामुळे तारेला येणाऱ्या झंकारामुळे, एकाच तारेतील वरचे स्वर क्रमाने फुलतात आणि मावळतात. त्यामुळे ऐकू येणारी प्रत्येक हालचाल दोन तारांमधील फरकाची नसते. खात्री करायची असेल तर एका तारेवर बोट ठेवून दुसरी एकटी छेडावी. डोल तरीही राहिला तर तो जवारीचा, थांबला तर दोन तारांचा.

तारा जुळवताना मूळ षड्जाऐवजी त्यात ऐकू येणाऱ्या गांधाराकडे कान लावून पाहावे. तो पाचवा आवर्तस्वर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट वारंवारतेचा स्वर, असल्याने पाव हर्ट्‌झचा फरक तेथे सव्वा हर्ट्‌झ होतो आणि चार सेकंदांचा डोल पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. मणी केसभर सरकवावा, दोन्ही तारा पुन्हा छेडाव्यात आणि गांधाराचा डोल मंदावतो आहे की वाढतो आहे ते ऐकावे. वाढत असेल तर मणी उलट्या बाजूला न्यावा.